घरघर काढून मिळेल

मी भांडखोर माणूस नाही. वर्ध्यात राहून भांडखोर होणं तसं अवघडच. एका अंगाला आठ किलोमीटरवर सेवाग्राम, दुसऱ्या अंगाला साधारण तेवढ्याच अंतरावर पवनार. एकीकडे बापू, दुसरीकडे विनोबा. मध्ये सापडलेल्या माणसानं आवाज चढवायचा तरी कुणावर? तरीसुद्धा गेल्या दिवाळीत मी भर बाजारात एका दुकानदाराशी भांडलो, आणि ते भांडण अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. आता तुमच्यापुढे मांडतो. तुम्हीच सांगा.

झालं असं. १९८४ साली आमच्या थोरल्या भावानं आर्वीच्या घरी टू-इन-वन आणला. तोवर गावात पिठाची गिरणी येऊन जुनी झाली होती आणि जातं कोपऱ्यात पडलेलं होतं. पण 'आई, तू ओव्या म्हण, मी टेप करतो' म्हणून भाऊ हटून बसला. नुसत्या कशा म्हणायच्या, म्हणून आईनं पायलीभर तूर घेतली, जातं ओढलं आणि भरडायला बसली. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू भरली. दुसऱ्या बाजूला विविध भारतीवरची गाणी, अर्धवट बातम्या आणि वडिलांचा खोकला. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. कॅसेट राहिली.

बाजारात एका दुकानावर पाटी पाहिली: 'जुन्या कॅसेट पेनड्राइव्हवर करून मिळतील. नॉईज काढून मिळेल.' दिली. दोन दिवसांनी पेनड्राइव्ह घेऊन आलो आणि उदबत्ती वगैरे लावून ऐकायला बसलो. आई गात होती, पण विहिरीत उतरून गावं तशी. आणि जातं? जातं नव्हतंच! घरघर साफ गायब.

मी तसाच उलट्या पावली दुकानात. "अहो, घरघर कुठे गेली?"

"काढून टाकली न जी काका," तो अभिमानानं म्हणाला. "मोठाच नॉईज होता त्याच्यात. त्याचे अलग पैसे बी नाही लावले."

आता या माणसाला काय म्हणावं? जात्यावरच्या ओवीतून जातं काढायचं म्हणजे तबलजीला उठवून लावायचं आणि गवयाला सांगायचं, हं, आता म्हणा विलंबित ख्याल! दगडाच्या फेऱ्यावर ओवीची चाल बसलेली असते. फेरा संथ झाला की सूर लांबतो, मूठ घालायला हात थांबला की ओवी थांबते. घरघर नसेल तर ती बाई मध्येच गप्प का बसते ते कुणाला कळणार?

पण खरा कहर पुढेच होता. घरी येऊन पुन्हा लावलं आणि या खेपेला पडद्यावर काय लिहून येतं तेही वाचलं. 'अननोन आर्टिस्ट. अननोन अल्बम. ट्रॅक ०१.' आणि संगीताचा प्रकार कोणता? तर 'अदर'! वाचकहो, माझी आई तीस वर्षं आर्वीत राहिली. भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे तिला ओळखत. ती अज्ञात कलाकार?

तेव्हा नागपूरहून भाचा आला होता. तो म्हणाला, "मामा, हे टॅग कुणी भरलेच नाहीत. तुमच्या त्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून देतो, तुम्हीच भरा." मग त्यानंच मला या टॅगची कुळकथा सांगितली. १९९६ साली गाण्याच्या फाईलीला शेपूट जोडायची युक्ती निघाली. शेपूट एकशे अठ्ठावीस घरांची. त्यात गाण्याच्या नावाला तीस घरं, गाणाऱ्याला तीस. इंग्रजी अक्षर एका घरात मावतं. आपल्या देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला हल्लीच्या यूटीएफ-८ पद्धतीत तीन घरं लागतात. त्यात काना वेगळा, मात्रा वेगळी, पाय मोडला तर तो मोडलेला पायही वेगळा. 'ज्ञानेश्वर' एवढं लिहिलं की तीसच्या तीस घरं भरली. 'महाराज' दाराबाहेर उभे! आणि संगीताचे प्रकार म्हणून जी मूळ ऐंशी नावांची यादी होती तीत हिप-हॉप आहे, पोल्का आहे. ओवी नाही, अभंग नाही, लावणी नाही, नाट्यगीत नाही. पोल्का म्हणजे काय ते आमच्या अख्ख्या आळीत कुणाला ठाऊक नाही.

आता ही अडचण उरलेली नाही हे कबूल करतो. नव्या पद्धतींत शेपूट हवी तेवढी लांब होते, मराठीत लिहिता येतं, प्रकारही मनाचा घालता येतो. म्हणजे सबब संपली. तरी लोक लिहीत नाहीत, आणि माझं भांडण तिथेच आहे.

भाच्याचा पक्ष असा: "मामा, कशाला एवढी यातायात? सगळी गाणी फोनवर आहेत. महिन्याला थोडे पैसे भरले की झालं."

मी म्हटलं, "बघ बरं, तुझी आजी आहे का तिथे."

त्यानं खरंच शोधून पाहिलं, बिचाऱ्यानं.

महिन्याचं भाडं भरून ऐकलेली गाणी ही भाडेकरूची गाणी. भाडेकरूला भिंतीत खिळा ठोकायची परवानगी नसते. आमच्या हिचं एक आवडतं नाट्यगीत असंच फोनवर होतं; एके सकाळी ते राखाडी झालं आणि वाजेना. कुणाचा कुणाशी करार संपला म्हणे. घरमालकानं सामान बाहेर काढलं, आम्हाला नोटीससुद्धा नाही. शिवाय त्या यादीत गाणाराचं नाव ठळक. कवी कोण, चाल कुणाची, ते शोधत बसा. आमच्या लहानपणी आकाशवाणी नागपूरची निवेदिका गीत कुणाचं, संगीत कुणाचं, गायलंय कुणी, अशी तिन्ही नावं सांगितल्याशिवाय गाणं लावत नसे. कवीला त्यातून किती पैसे मिळत देव जाणे, पण नाव मिळे.

लिनक्स म्हणजे काय हे मला अजून धड सांगता येत नाही. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं त्याचा गाभा लिहिला, पुढे जगभरच्या लोकांनी हात लावला. ते फुकट मिळतं आणि आतला कारभार उघडून बघता येतो. ज्या गावात कुमारप्पांनी मगनवाडीला ग्रामोद्योगाचा संसार मांडला, तिथल्या माणसाला हे पटायला वेळ लागू नये. आपलं सूत आपण काता, एवढंच. चरख्यावरचं सूत पहिल्या दिवशी तुटतं, तसं इथेही पहिल्या दिवशी काहीच वाजत नाही, हेही सांगून टाकतो. पूर्वी तर लिनक्सच्या बऱ्याच प्रकारांत एमपी-थ्री मुद्दाम घातलेलंच नसे, कारण त्यावर पेटंट होती. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेचा तो परवान्यांचा कार्यक्रम २०१७ च्या एप्रिलमध्ये संपला आणि दारं उघडली.

तर मी काततो. जुन्या टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर लॅपटॉपमध्ये. त्यावर ऑडॅसिटी नावाचा प्रोग्रॅम. सेकंदाला ४४,१०० वेळा तो आवाजाचं माप घेतो. आवाज लाल रेघेला लागू द्यायचा नाही, एवढं एक पथ्य. आई कधी रागावली तरी लाल रेघेला लागत नसे, त्यामुळे ते सोपं गेलं. वडिलांचा खोकला मात्र तीनदा लागला.

मग साठवायचं कशात? एमपी-थ्री हा काटकसरी मुनीम आहे. मोठ्या आवाजाखाली दबलेला बारीक आवाज माणसाला ऐकू येणार नाही असा हिशेब करून तो परस्पर वगळतो आणि वही पातळ करतो. फिल्मी गाण्याला ठीक आहे. पण माझ्या आईच्या बाबतीत काय ऐकू येतं नि काय नाही ते ठरवणारा हा कोण? त्याऐवजी फ्लॅक नावाचा प्रकार आहे. तो कपड्यांची घट्ट घडी घालतो, कापत नाही. फाईल साधारण निम्म्यावर येते आणि उलगडली की जशीच्या तशी. मूळ फ्लॅकमध्ये कपाटात, आणि भाच्याच्या फोनसाठी एका ओळीच्या हुकमात केलेली एमपी-थ्रीची नक्कल. खतावणी घरात, नक्कल बाहेर. आमच्या वडिलांची हीच पद्धत होती.

हे सगळं म्हाताऱ्याचं खूळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांना एक सांगतो. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हाँ यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आज 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या ऐकायला, वाचायला मिळतात, आणि ओवीबरोबर गाणारणीचं नाव असतं, गाव असतं. दळणाऱ्या बाईला नाव असतं ही गोष्ट कुणाच्या तरी आधीच लक्षात आली होती.

परवा मी आईचे टॅग भरायला बसलो. वाटलं, पाच मिनिटांचं काम. पहिल्याच रकान्याला अडलो. नाव कोणतं लिहायचं, माहेरचं की सासरचं? हिंगणघाटच्या ताईला फोन लावला. ती म्हणाली, "दोन्ही लिही. रेशनकार्डाशिवाय कुठे छापलं होतं तिचं नाव?" गीतकार? पारंपरिक, असं लिहिणार होतो. ताई म्हणाली, "पारंपरिक कसं? मामाच्या बैलांवरची ओवी तिची स्वतःची. आजीला कुठे येत होती?" म्हणजे गीतकारही आईच! प्रकार: ओवी. वर्ष: १९८४. ठिकाण: आर्वी, जिल्हा वर्धा. राहिला शेवटचा रकाना, शेऱ्याचा. काही सुचेना, म्हणून फोन टेबलावर ठेवून ताईला सगळी बाजू ऐकवली, घरघरीसकट. बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली,

"अरे, त्या जात्याला टाकी लावायची राहिली होती. ऐक ना, दगड कसा नुसता घसरून राहिला. तरीच आई दमलेली वाटते."

मी पुन्हा ऐकलं. घसरतच होता. तेच शेऱ्यात लिहिलं.