वर्ध्याचा विकास हद्दीत अडकलाय, वारशात नाही



‘वारशाच्या ओझ्याखाली वर्धा’ हे पत्र वाचले. गांधीवारशामुळे वर्ध्याची वाढ खुंटली, हे पत्रलेखकाचे म्हणणे पटले नाही.

शहर वाढलेच आहे, पण नगर परिषदेच्या हद्दीबाहेर. पिपरी (मेघे), सिंदी (मेघे), सावंगी (मेघे), नालवाडी ही गावे शहराला केव्हाच चिकटली, पण कारभार ग्रामपंचायतींकडे. एकीकडची नाली हद्दीशी येऊन थांबते आणि पावसाळ्यात पाणी पलीकडच्या ले-आउटमध्ये शिरते. याचा दोष सेवाग्राममधल्या गांधीजींच्या बापूकुटीला कसा देणार? वर्धा, सेवाग्राम, पवनार आणि ही गावे मिळून पुढच्या वीस वर्षांचा एकच आराखडा हवा.

राहिला रोजगार. 1934 साली वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींचा ग्रामोद्योग संघ उभा राहिला. गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी तिथे तेलघाणी, हातकागद यांचे अर्थकारण मांडले. म्हणजे वारसा इथे उद्योगाचाच आहे. आपल्या जिल्ह्याचा कापूस मात्र आजही बहुतांशी गाठी होऊन बाहेर जातो. कताई, विणकाम, नैसर्गिक रंगाई इथेच वाढली, तर नागपूर-मुंबई ‘समृद्धी’ महामार्गाचा वर्ध्याला खरा उपयोग. नाहीतर नागपूरचा पर्यटक सकाळी येतो, फोटो काढतो आणि संध्याकाळी परत. आपल्या पदरात काय?

विरोधाचे म्हणाल, तर सेवाग्राम मार्गावरची जुनी झाडे तोडली, तेव्हा वर्धेकर रस्त्यावर उतरले. तो विकासाला विरोध नव्हता. आधी विचारा, मग कुऱ्हाड चालवा, एवढेच मागणे होते.

– एक वाचक, वर्धा