पदकतक्त्याची शेवटची ओळ आणि पूर्व तिमोर

आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धा संपल्या, की पदकतक्त्याच्या तळाशी बहुधा ब्रुनेई किंवा पूर्व तिमोर हे नाव दिसते. त्यावरून विनोदही होतात. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र तक्ता खालून वर वाचावा, असे माझे मत आहे.

तिमोर बेटाचा पश्चिम भाग डचांकडे होता, पूर्व भाग पोर्तुगीजांकडे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या पूर्व भागाचा कारभार गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेच्या अखत्यारीत होता. दिली आणि पणजी ही एकाच दफ्तराची दोन टोके होती, हे आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही!

१९७४ साली लिस्बनमधील हुकूमशाही कोसळली. २८ नोव्हेंबर १९७५ रोजी पूर्व तिमोरने स्वातंत्र्य घोषित केले आणि नऊच दिवसांनी इंडोनेशियाने आक्रमण केले. त्यानंतरच्या चोवीस वर्षांत हिंसा, उपासमार आणि रोगराईने एक लाखाहून अधिक माणसे दगावली. १९७७ साली इंडोनेशिया या क्रीडास्पर्धांत सामील झाला. म्हणजे पुढची दोन दशके तिमोरी खेळाडूला येथे उतरायचेच असते, तर ते आक्रमकाच्या ध्वजाखाली.

३० ऑगस्ट १९९९ च्या सार्वमतात ७८.५ टक्के मतदारांनी इंडोनेशियांतर्गत स्वायत्तता नाकारली. सूड म्हणून सशस्त्र टोळ्यांनी गावेच्या गावे जाळली. पुढच्याच वर्षी चार तिमोरी खेळाडू सिडनी ऑलिंपिकमध्ये ऑलिंपिकच्या पांढऱ्या ध्वजाखाली चालले, कारण देश अजून जन्मायचा होता. त्यांपैकी अगिदा अमाराल मॅरेथॉन धावत स्टेडियममध्ये शिरली आणि शर्यत संपली असे समजून गुडघे टेकून प्रार्थना करू लागली. अजून एक फेरी बाकी आहे, असे तिला सांगावे लागले. ती उठली आणि टाळ्यांच्या गजरात तिने ती फेरी पूर्ण केली.

२० मे २००२ रोजी देश स्वतंत्र झाला. डिसेंबर २००३ मध्ये व्हिएतनाममधील स्पर्धांत त्याचा संघ प्रथमच स्वतःच्या ध्वजाखाली उतरला.

खेळाने पोट भरत नाही, गरीब देशाने हा खर्च का करावा, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण नव्या राष्ट्राला शेजाऱ्यांच्या पंगतीत पाट मांडून मिळणे ही चैन नव्हे. 'आसियान' या संघटनेचे दार ठोठावणाऱ्या पूर्व तिमोरला सदस्यत्व मिळाले ते थेट ऑक्टोबर २०२५ मध्ये. क्रीडांगणाने त्याला बावीस वर्षे आधी आत घेतले होते. मुत्सद्द्यांना हे शोभले का, हा प्रश्न मला तरी पडतो.

शिवाय या स्पर्धांत कोणते खेळ असावेत, हे ठरवण्यात यजमानाचा हात मोठा असतो. त्यामुळे वरची क्रमवारीही निव्वळ कर्तृत्वाची नसते, हे तक्ता वाचताना ध्यानात ठेवावे.

आता तळाच्या ओळीतले एक पदक पाहा. या स्पर्धांतील पूर्व तिमोरचे पहिले सुवर्ण २०११ सालचे. त्या वर्षीचा यजमान होता इंडोनेशिया.