रक्ताच्या कागदावरचा एक शब्द



आमच्या टेबलावर येणारे कागद बहुतेक माती परीक्षणाचे. "साहेब, सामू-पालाश आम्हाला काय कळतंय, खत किती टाकू तेवढं सांगा," असा सभासदांचा सरळ सवाल असतो. पण गेल्या हंगामात, ऐन गाळपात, आमच्या गटातले एक जुने सभासद वेगळाच कागद घेऊन आले. रक्तदान केल्यावर रक्तपेढीने त्यांना परत बोलावले होते. कागदावर 'अँटी एचसीव्ही : रिॲक्टिव्ह' एवढेच. आबा खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, "रक्तात कावीळ निघालीया. औंदाची खोडव्याची नोंद पोराच्या नावानं करा."

महिनाभर त्यांनी ताट-तांब्या वेगळा ठेवला होता. नातवाला जवळ घेतले नव्हते. धाकट्या मुलीच्या सोयरिकीची बोलणी थांबवली होती. आमचे स्पष्ट मत आहे की आबांना रोगाने नव्हे, अर्धवट कागदाने आजारी पाडले होते.

आम्ही डॉक्टर नव्हे, शेतकी पदविका घेऊन उसात वावरणारी माणसे. पण आबांबरोबर सरकारी रुग्णालयाच्या खेपा घातल्या, तेथील डॉक्टरांना विचारविचारून घेतले. जे समजले ते येथे मांडतो.

हिपॅटायटिस सी हा यकृताला, म्हणजे लिव्हरला, सूज आणणारा विषाणू. तो १९८९ साली ओळखला गेला आणि त्या कामाबद्दल तिघा शास्त्रज्ञांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे १९८९ पूर्वी चढवलेल्या रक्ताची 'सी'साठी तपासणी होणे शक्यच नव्हते. हा विषाणू रक्तातून पसरतो : न उकळलेली सुई, दुसऱ्याला वापरलेले ब्लेड, जत्रेतले गोंदण, तपासणी न केलेले रक्त. एका ताटात जेवून, हात मिळवून किंवा लेकराला जवळ घेऊन तो पसरत नाही. दूषित पाण्याने येणारी पावसाळ्यातली कावीळ ती 'ए' आणि 'ई' ची. 'सी' वेगळी.

आता कागदाकडे येऊ. 'अँटी एचसीव्ही' ही तपासणी विषाणू शोधतच नाही. विषाणूशी लढायला शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये, म्हणजे अँटिबॉडी, ती शोधते. २०१९ च्या महापुरानंतर कृष्णाकाठच्या घरांच्या भिंतींवर पाण्याची रेघ राहिली. रेघ दिसते म्हणून आज घरात पाणी आहे असे कोणी म्हणेल काय? तसेच हे. लागण झालेल्या शंभरातील साधारण तीस जणांच्या अंगातून विषाणू सहा महिन्यांत औषधाविना निघून जातो, पण रेघ राहते. (आपली लागण उसाची, डॉक्टरांची वेगळी, एवढे ध्यानात घ्यावे.) क्वचित रेघ खोटीही निघते.

म्हणून 'रिॲक्टिव्ह' आले की दुसरी तपासणी करावीच लागते. तिचे नाव 'एचसीव्ही आरएनए', कोणी 'व्हायरल लोड' म्हणतात. ती प्रत्यक्ष विषाणू शोधते. 'नॉट डिटेक्टेड' आले तर आज रक्तात विषाणू सापडलेला नाही. धोका अलीकडचा असेल तर डॉक्टर ती पुन्हा करायला सांगतात. आकडा आला तर विषाणू आहे. पण आकडा लाखांत आला म्हणून लिव्हर जास्त खराब, असा हिशेब नाही. लिव्हरची अवस्था वेगळ्या तपासण्यांवरून ठरते. आणि एसजीपीटी ठीक आहे म्हणून 'सी' नाही, असेही नाही.

आपल्याला हे नवे नाही. शेतात ब्रिक्स बघतो, त्यात साखरेबरोबर रसात विरघळलेले इतर घटकही मोजले जातात. खरी साखर प्रयोगशाळेत पोल काढल्यावर कळते. नुसत्या ब्रिक्सवर आपण उतारा सांगत नाही, मग नुसत्या अँटिबॉडीवर माणसाचे भविष्य का सांगावे?

आबांच्या दुसऱ्या तपासणीत विषाणू आढळला नाही. मात्र दुसऱ्या एका सभासदाचे ऐका. ते औषधाने पूर्ण बरे झाले होते. पुढे हर्नियाच्या वेळी एका दवाखान्यात पुन्हा अँटिबॉडी तपासली, अर्थात 'पॉझिटिव्ह' आली, आणि रोग उलटला म्हणून घरात रडारड झाली. बरे झाल्यावरही ही रेघ बहुधा जन्मभर राहते. अशा माणसाने बरे झाल्याचा आरएनए अहवाल जपून ठेवावा आणि पुढेही तीच तपासणी मागावी. त्याला पुन्हा नवी लागण होऊ शकते, हेही विसरू नये.

उलट चूकही होते. आमच्याकडचा एक ट्रॅक्टर ड्रायव्हर 'नुसती खूण आहे' म्हणून दुसऱ्या तपासणीला गेलाच नाही. हा आजार वर्षानुवर्षे गप्प राहतो. विषाणू टिकून राहिलेल्या शंभरातील पंधरा ते तीस जणांचे लिव्हर वीस वर्षांत आकसून निकामी होण्याच्या वाटेला लागते. आणि औषध काय, तर बहुतेकांना बारा आठवडे तोंडाने घ्यायच्या गोळ्या. शंभरात पंचाण्णवहून अधिक बरे होतात. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ठरवून दिलेल्या सरकारी केंद्रांत तपासणी व औषध मोफत आहे. इतके असताना कोणी घरी बसून लिव्हर गमवावे, हे आम्हास पटत नाही.

मा. संचालक मंडळापुढे आम्ही नम्रपणे दोन सूचना ठेवतो. कारखान्याच्या शिबिरात कोणाच्या रक्तात काही निघाले तर तो निरोप त्या माणसालाच, बंद पाकिटात आणि समजावून सांगणाऱ्या माणसासह जावा. गट ऑफिसात त्याची चर्चा होता कामा नये. दुसरी सूचना, ऊसतोडणी मजुरांनाही दुसऱ्या तपासणीची वाट दाखवावी. हंगाम संपला की ते गावी जातात आणि कागद खिशातच राहतो.

शेवटी एक. कावीळ म्हटली की आपल्याकडे उसाचा रस पाजतात, गळ्यात माळ घालतात. रस आपल्याच शेताचा आहे, गोड आहे, पण त्याने हा विषाणू मरत नाही, हे उसावर पोट भरणाऱ्या आम्हीच सांगितलेले बरे. 'पॉझिटिव्ह' शब्द दिसला तर घाबरू नका, कागद दडवू नका. डॉक्टरांना एकच विचारा : "आरएनए केली का?"

— ऊस विकास अधिकारी