फुकट खेळाची किंमत

मोबाईलवरच्या चांगल्या खेळासाठी जास्त वर्गणी द्यावी का? तुम्ही म्हणाल, "फुकट मिळते, मग पैसे कशाला?" पण ते खरोखर फुकट असते का?

'लुडो किंग' हा खेळ नवी मुंबईच्या एका कंपनीने २०१६ साली काढला. तो फुकट खेळता येतो. मात्र मध्येमध्ये जाहिराती दिसतात. जाहिरात देणारा कंपनीला पैसे देतो आणि आपण आपला वेळ देतो. काही खेळ तर आधी मुद्दाम अडवतात, मग पुढे जाण्यासाठी पैसे मागतात. यापेक्षा उघडपणे सांगितलेली वर्गणी बरी.

वाचनालयाचे उदाहरण घ्या. वर्गणी वाढली आणि नवी पुस्तके आली, तर लोक आनंदाने पैसे देतात. पुस्तके जुनीच राहिली, तर सभासद कमी होतात. खेळाचेही तसेच आहे.

पण देगलूरच्या मजुराच्या मुलाने काय करावे? 'लिचेस' या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर जाहिराती नाहीत आणि वर्गणीही नाही. ते लोकांच्या देणगीवर चालते. मला ही रीत सर्वांत चांगली वाटते. ज्याला परवडते त्याने द्यावे, म्हणजे ज्याला परवडत नाही तोही खेळेल. तुम्हांला काय वाटते? मात्र पैसे देण्याआधी अब्बा-अम्मींना जरूर विचारा.