करार त्यांचा, जमीन आपली



२३ ऑगस्ट २०१६ ला मुंबईत गोदावरीच्या पाण्याचा करार झाला. तेलंगणा तेव्हा दोन वर्षांचे राज्य. आमदार ११९, महाराष्ट्राचे २८८. तरी दोन्ही मुख्यमंत्री बरोबरीने बसले. २०१९ मध्ये मेडिगड्डा बॅरेज सुरू झाले. पाणी तेलंगणाला, फुगवट्यात जमीन गेली सिरोंच्याच्या शेतकऱ्याची. त्याला त्या बैठकीत खुर्ची नव्हती.

असणार कशी? गडचिरोलीचे आमदार ३, चंद्रपूरचे ६, सगळ्या विदर्भाचे ६२. बासष्टांनी एकदिलाने हात वर केले तरी २८८ मध्ये ठराव पडतो. कापूस एकाधिकाराच्या काळात सीमेपलीकडे आदिलाबादला भाव असला तरी कापूस नेता येत नव्हता. कायदा मुंबईचा, कापूस आपला!

१९५३ च्या नागपूर कराराने न्याय्य वाटा कबूल केला. १९५५ मध्ये फाजल अली आयोगाने विदर्भ राज्याची शिफारस केली, ती गुंडाळली. ३७१(२) कलमाखाली १९९४ ला विकास मंडळ आले. ३० एप्रिल २०२० ला मुदत संपली. कबुल्या भरपूर, दात एकीलाही नाही.

म्हणतात, लहान राज्य दिल्लीत दुबळे. लोकसभेत उत्तर प्रदेशाचे ८०, गोव्याचे २, हे खरे. पण म्हादईच्या पाण्यासाठी तोच गोवा लवादापुढे कर्नाटकाशी बरोबरीने भांडला. कारण तो राज्य आहे, जिल्हा नाही.

आपल्याला मेहेरबानी नको. आपल्या पाण्याच्या करारावर आपली सही हवी. गावोगाव हाच ठराव करा.