पुन्हा रंगमंचावर जाताना

नोकरी आणि संसार यांत वीस-पंचवीस वर्षे गेल्यावर पुन्हा वाद्याकडे वळणारे हौशी वादक आपल्याकडे गावोगावी आहेत. त्यांनी वादन सोडले तेव्हा हाती पेटी किंवा अ‍ॅकॉर्डियन होते. आज दुकानात त्यांच्यापुढे अ‍ॅरेंजर कीबोर्ड ठेवला जातो. डाव्या हाताने कॉर्ड धरताच ताल, बास आणि गिटार यांची साथ सुरू करणारे हे वाद्य म्हणजे एकट्या माणसाच्या हाताखालचा वाद्यवृंदच होय.

विक्रेता आवाजांची आणि तालांची संख्या सांगतो. वादकाने मात्र निराळा प्रश्न विचारावयास हवा: हे वाद्य गायकासाठी थांबते काय? भावगीत गाणारा एखाद्या शब्दावर क्षणभर रेंगाळतो. जाणता तबलजी तेथे हात आवरतो; यंत्राचा केरवा पुढे निघून जातो. डावा हात उचलताच ताल थांबविण्याची सोय, बोटाच्या ठोक्याने लय ठरविण्याची कळ आणि पायाने चालविण्याचा स्विच या साध्या गोष्टी म्हणूनच शेकडो आवाजांहून मोलाच्या ठरतात.

दुसरी कसोटी स्वरांची. स्थिर पट्ट्यांवर मींड निघत नाही, या आक्षेपावरूनच १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. आजच्या कीबोर्डवर स्वर वाकविण्याचे चाक असते. कित्येकांवर सप्तकातील एकेक स्वर किंचित चढविता-उतरविताही येतो. तथापि ही विद्या सरावानेच साधते, किमतीने नव्हे.

तिसरी गोष्ट व्यवहाराची. यामाहाचा २०२३ मध्ये आलेला जेनोस-२ हा ७६ पट्ट्यांचा कीबोर्ड मोठ्या योग्यतेचा आहे. परंतु त्यात स्पीकर नाहीत. शाळेच्या सभागृहात किंवा मंडळाच्या मांडवात वाजविणाऱ्यास त्यापेक्षा अंगचे स्पीकर असलेला, एकट्याला उचलता येईल असा ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड अधिक उपयोगी पडेल.

या यंत्राने ढोलकीवाल्याच्या पोटावर पाय येतो, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. परंतु जेथे चार वादकांचे मानधन देणे शक्यच नसते, तेथे याच यंत्रामुळे एखादा कार्यक्रम उभा राहतो, हेही खरे आहे. शिवाय साथीतील तालाचा भाग तेवढा बंद करून बाकीची साथ चालू ठेवता येते. ढोलकी वाजविणारा शेजारी बसला असता तो भाग बंद करणे हा केवळ सौजन्याचा प्रश्न नाही, संगीताच्या हिताचाही आहे.

पुन्हा रंगमंचावर जाणाऱ्याला तेथे ओढून नेते ती माणसांबरोबर वाजविण्याची ओढ. ती ज्या वाद्याने भागेल तेच त्याने निवडावे, मग त्यावरील कळा कमी असल्या तरी चालेल.