नदी एक, जाणते अनेक

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली सावित्री नदी पोलादपूर व महाड या गावांवरून वाहत जाऊन अरबी समुद्रास मिळते. महाडच्या खाली तिची खाडी होते. याच खाडीपट्ट्यात तुडील हे गाव आहे. नदीचे पाणी दोन दिशांनी येते, हे येथील माणसाला लहानपणापासून ठाऊक असते. पावसाळ्यात ते डोंगरावरून उतरते आणि भरतीच्या वेळी समुद्राकडून चढते.

२२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुराच्या पाण्याखाली गेले. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. असे का घडले, असे विचारले, तर प्रत्येक जाणता आपापले उत्तर देतो. हवामानशास्त्रज्ञ म्हणतो, महाबळेश्वरास एका दिवसात ५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. खाडीकाठचा कोळी म्हणतो, आषाढी पौर्णिमा दोन दिवसांवर आली होती. उधाणाच्या भरतीने पाण्याची वाट अडवली. अभियंता पात्रात साचलेल्या गाळाकडे बोट दाखवतो. भूगर्भशास्त्रज्ञ सांगतो, डोंगरउतारावरील माती पाणी पिऊन जड झाली व खालच्या खडकावरून सुटली. यांपैकी खोटे कोणीच बोलत नाही. परंतु एकट्याचे उत्तर पुरेसेही नाही.

आंधळे आणि हत्ती यांची गोष्ट सर्वांना माहीत आहे. त्या आंधळ्यांना हसण्याची रीत आहे. पण प्रत्येकाच्या हाताला हत्तीचा एकच अवयव लागला, हा काही त्यांचा दोष नव्हे. आपली जागा सोडून शेजाऱ्याच्या जागी जाऊन त्यांपैकी एकानेही हत्ती चाचपला नाही, हा त्यांचा खरा दोष होय.

विद्वानांच्या सभेतही हेच घडते. 'पूर' हा शब्द सर्वांच्या तोंडी एकच असतो. अर्थ मात्र निरनिराळे असतात. एकजण पाऊस मिलिमीटरांत मोजतो, दुसरा दर सेकंदाला वाहणारे पाणी मोजतो, तर बाजारपेठेतील दुकानदार आपल्या दुकानाच्या पायऱ्या मोजतो. म्हणून सर्वांनी प्रथम एका नकाशाभोवती बसावे. कोणत्या तासाला किती पाऊस झाला, भरती केव्हा आली, कोणत्या भिंतीवर पाणी कोठवर चढले, हे सारे त्याच नकाशावर मांडावे. मग एकट्याला कधीच न सुचलेला प्रश्न सर्वांना मिळून सुचतो: आज डोंगरावर पडलेला पाऊस महाडला पोहोचेल, तेव्हा खाडीत भरती असेल की ओहोटी? या एका प्रश्नाचे उत्तर वेळेवर मिळाले, तर माणसे हलविण्यास काही तास हाती लागतात. त्या तासांत जीव वाचतात.

कोणी म्हणेल, दहाजणांची बैठक बसली की वेळ फुकट जातो. निर्णय एकानेच घ्यावा. पाणी उंबरठ्याशी आल्यावर हे म्हणणे योग्यच आहे. तेव्हा चर्चा नको, आज्ञा हवी. परंतु ती आज्ञा शहाणपणाची व्हावयाची असेल, तर समजूत उन्हाळ्यातच तयार झाली पाहिजे.

या समजुतीवाचून केलेले काम अपुरे राहते. नदीतील गाळ काढला, पण डोंगरावरील माती धरून ठेवणारी झाडे राखली नाहीत, तर तोच गाळ पुन्हा पात्रात येणार. म्हणून अभियंत्याजवळ वनाधिकारी बसला पाहिजे आणि त्या दोघांजवळ डोंगरातला शेतकरी. जमिनीला गेलेली नवी भेग कोणत्याही यंत्राआधी गुराख्याच्या नजरेस पडू शकते. त्याने ती कोणाला सांगावी, हे मात्र आधी ठरलेले असावे.

शाळेत भूगोल, विज्ञान, गणित व भाषा यांचे तास वेगवेगळे असतात. नदीला हे वेळापत्रक ठाऊक नसते. ती सर्व विषय एकाच वेळी घेऊन दाराशी येते. तिला समजून घ्यावयाचे, तर आपले ज्ञान नीट सांगता आले पाहिजे आणि दुसऱ्याचे शांतपणे ऐकताही आले पाहिजे.